मुक्तस्रोत संचालनप्रणाली आणि कंपनीचे जाळे : ‘कॅथीड्रल आणि बाजार’ या निबंधाची चिकित्सा

१

एखाद्या कंपनीत नवीन यंत्रसामग्री येते तेव्हा तिच्याबरोबर एक युक्तिवादही येत असतो. ही सामग्री का घ्यावयाची, तिने काय साधावयाचे, खर्च किती व्हावयाचा, हे कोणीतरी कोणालातरी पटवून दिलेले असते. पुढे अडचणी उद्भवल्या म्हणजे दोष सामग्रीला दिला जातो आणि मूळ युक्तिवाद मात्र तपासला जात नाही. कंपन्यांच्या संगणकजाळ्यांत मुक्तस्रोत संचालनप्रणालींचा जो प्रवेश झाला, त्याच्या बाबतीत अशा तपासणीची विशेष आवश्यकता आहे. कारण हा प्रवेश ज्या युक्तिवादाच्या आधारे समर्थनीय ठरला तो एका निबंधाच्या रूपाने उपलब्ध आहे, आणि त्या निबंधाची कसोटी पाहणाऱ्या पंचवीसहून अधिक वर्षांतील घटनाही आता समोर आहेत.

संचालनप्रणाली, म्हणजे व्यवहारात जिला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात ती, संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्ये राहून सर्व कारभार पाहत असते. प्रोग्रामकाराने लिहिलेली तिची मूळ संहिता कोणासही वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा असली म्हणजे ती मुक्तस्रोत होय. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी ही तिची परिचित उदाहरणे. १९९० च्या सुमारास कंपन्यांच्या जाळ्यांवर सन, एचपी, आयबीएम यांच्या आपापल्या युनिक्स प्रणाली आणि नॉव्हेलची नेटवेअर यांचे प्रभुत्व होते. १९९३ नंतर मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी त्यांत आली. पुढील वीस वर्षांत सर्व्हरांवरील यांपैकी बरीचशी जागा लिनक्सने घेतली. या स्थित्यंतराला तात्त्विक अधिष्ठान देणारा ग्रंथ म्हणून एरिक रेमंड या अमेरिकन प्रोग्रामकाराच्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधाकडे बोट दाखविले जाते. हा निबंध जेवढा गाजला तेवढा चिकित्सक दृष्टीने वाचला गेला नाही. त्याने मुक्तस्रोत प्रोग्राम चांगले का होतात याचे समर्थ विवेचन केले. परंतु ते वापरणाऱ्या कंपनीवर त्यांच्या देखभालीचा कोणता भार येतो, हा प्रश्न त्याने उपस्थितच केला नाही. २००३ पासून २०२४ पर्यंत कंपन्यांच्या जाळ्यांवर जी मोठी संकटे आली त्यांतील अनेकांचे मूळ या अनुपस्थित प्रश्नात सापडते.

२

निबंधाचा इतिहास थोडक्यात असा. १९९७ च्या मे महिन्यात जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे भरलेल्या लिनक्स परिषदेत तो प्रथम सादर झाला आणि १९९९ मध्ये ओ’रायली या प्रकाशनसंस्थेने तो इतर निबंधांसह पुस्तकरूपाने काढला. त्याचा विषय रचनापद्धतीचा आहे. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये आरंभिलेली लिनक्स प्रणाली जगभर विखुरलेल्या, एकमेकांस न भेटलेल्या माणसांच्या हातून उभी कशी राहिली, याचे रेमंडला आश्चर्य वाटले. ती पद्धत स्वतः आजमावून पाहण्यासाठी त्याने टपाल उतरवून घेणारा ‘फेचमेल’ हा प्रोग्राम त्याच रीतीने विकसित केला, आणि त्या प्रयोगाची हकीकत म्हणजे हा निबंध.

रचनेच्या दृष्टीने पाहता निबंधात दोन धागे गुंफलेले आहेत. एक धागा अनुभवकथनाचा आहे. जुना प्रोग्राम दुसऱ्याकडून हाती कसा आला, एका वापरकर्त्याच्या सूचनेने त्याची सारी रचना सोपी कशी झाली, हे रेमंड मोकळेपणाने सांगतो. दुसरा धागा सूत्रांचा आहे. कथनाच्या प्रत्येक टप्प्यावर एक बोधवचन काढून त्याला क्रमांक दिलेला आहे, आणि अशी एकूण १९ वचने होतात. निबंधाच्या लोकप्रियतेचे रहस्य या सूत्ररूपात आहे. कंपनीतील तंत्रज्ञाला वरिष्ठांपुढे ठेवण्यासारखे एखादे वाक्य हवे असते, आणि रेमंडने अशी वाक्ये मुबलक पुरविली. मात्र सूत्राचा धर्म असा की ते जेथून निघाले त्या प्रसंगाच्या अटी गळून पडतात. तपासणारे पुष्कळ असले की दोष लपून राहत नाहीत, हा टोरवाल्ड्सच्या नावाने प्रसिद्ध झालेला सिद्धान्त फेचमेलसारख्या, उत्साही वापरकर्ते लाभलेल्या प्रोग्रामच्या अनुभवातून आला. ते पुष्कळ लोक प्रत्यक्षात तपासत होते, ही त्याची अट होती. कंपन्यांच्या दालनांत सूत्र पोहोचले, अट पोहोचली नाही.

शीर्षकातील रूपकाचीही अशीच छाननी करावयास हवी. कॅथीड्रल म्हणजे मोजक्या स्थपतींनी एकांतात बांधलेले भव्य मंदिर. बाजार म्हणजे नाना मतांच्या माणसांची गजबज. कॅथीड्रल म्हणजे मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी, असा समज पुढे रूढ झाला. पण मूळ निबंधात हे रूपक प्रथम रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पासारख्या, संहिता खुली असूनही लहान गटात चालणाऱ्या रचनेला उद्देशून आले आहे. म्हणजे वाद मुक्त आणि बंद यांच्यातील नव्हता, मुक्त प्रोग्राम बांधण्याच्या दोन रीतींमधील होता. ही गोष्ट विसरली गेल्यामुळे एका कार्यपद्धतीविषयीचे निरीक्षण खरेदीविषयक सल्ला म्हणून वाचले जाऊ लागले.

दुसरे असे की, बाजार अनिर्बंध असतो ही कल्पना बाजार न पाहिलेल्या माणसालाच पटावी. आपल्याकडील आठवड्याच्या बाजाराचे उदाहरण घेतले तरी कोणी कोठे बसावयाचे हे ठरलेले असते, पट्टी वसूल करणारा असतो, वजनमापे तपासणारा असतो आणि संध्याकाळी पटांगण झाडणाराही असतो. रेमंडच्या स्वतःच्या कथनातही असा माणूस आहेच. आलेली प्रत्येक दुरुस्ती वाचून स्वीकारणारा किंवा नाकारणारा, लोकांना उत्तरे देणारा, नवी आवृत्ती काढणारा सूत्रधार तो स्वतःच आहे. आपला रस संपला तर काम योग्य वारसाच्या हाती सोपविणे हे कर्त्याचे अखेरचे कर्तव्य आहे, असेही त्याने एका सूत्रात सांगितले आहे. म्हणजे कथनाला जे ठाऊक आहे ते रूपकाने झाकून टाकले आहे. शिवाय हे कर्तव्य सर्वस्वी कर्त्याच्या सद्बुद्धीवर सोपविलेले आहे; बाजारात येऊन माल घेऊन जाणाऱ्याचे कर्तव्य कोणते, याविषयी निबंध मौन पाळतो.

३

हे मौन आकस्मिक नाही, याचा पुरावा निबंधाच्या पाठभेदांत मिळतो. १९९७ च्या मूळ पाठात रेमंडने स्टॉलमनच्या चळवळीचाच शब्द वापरला होता. स्टॉलमनचा १९८५ चा ‘ग्नू जाहीरनामा’ नीतीच्या भूमिकेवरून लिहिलेला आहे. संहिता वाचण्याचे, बदलण्याचे व शेजाऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य हा त्याचा गाभा होय. १९९८ च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची संहिता खुली करण्याचे जाहीर केले, आणि या निर्णयावर रेमंडच्या निबंधाचा परिणाम झाल्याचे कंपनीने मान्य केले. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झालेल्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचविलेला ‘ओपन सोर्स’ हा शब्द स्वीकारण्यात आला आणि रेमंडने आपल्या निबंधातील जुना शब्द काढून तो नवा शब्द घातला.

इंग्रजीतील जुन्या शब्दाचे ‘स्वतंत्र’ आणि ‘फुकट’ असे दोन अर्थ होत असल्यामुळे व्यापारी लोक बिचकतात, असे या बदलाचे कारण देण्यात आले. मराठीला ही अडचण नाही; ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द येथे मुळातच वेगळे आहेत. त्यामुळे मराठी वाचकाला या पाठभेदाचे खरे स्वरूप अधिक स्पष्ट दिसावे. बदल केवळ संदिग्धता घालविण्यापुरता नव्हता. स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीचा विचार ओघानेच येतो. गुणवत्ता आणि काटकसर यांच्याबरोबर तो येतोच असे नाही. निबंधाचा श्रोता बदलला, त्याबरोबर श्रोत्याकडून अपेक्षा करण्याचा अधिकारही लेखकाने सोडून दिला.

४

प्रत्यक्षात लिनक्स कंपन्यांच्या जाळ्यांत आली ती कोणत्याही निबंधाची वाट पाहून नव्हे. तिचा प्रवेश मागच्या दाराने झाला. खात्यातील एखादा तंत्रज्ञ बाजूला टाकलेला संगणक घेई, त्यावर लिनक्स चढवी आणि टपाल, नावांची नोंदवही, संकेतस्थळ किंवा सामायिक फाइली यांपैकी एखादे काम त्याच्याकडे सोपवी. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल याने आरंभिलेल्या ‘सांबा’ या प्रोग्राममुळे असा संगणक विंडोज वापरणाऱ्यांना त्यांच्याच जातीचा सर्व्हर वाटे. १९९५ मध्ये आलेला ‘अपाची’ हा संकेतस्थळे चालविणारा प्रोग्राम वर्षभरातच त्या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाऊ लागला.

प्रवेश जाळ्याच्या बाजूने झाला आणि कर्मचाऱ्याच्या मेजावर झाला नाही, यालाही कारण आहे. इंटरनेटची संदेशवहनाची नियमावली सार्वजनिक आहे. जाळ्यातील यंत्राची ओळख ते कोणत्या नियमावलीने बोलते यावरून होते. आत कोणती प्रणाली आहे याची पलीकडच्या यंत्राला फिकीर नसते. त्यामुळे एक सर्व्हर काढून दुसरा बसविला तरी वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. मेजावरील संगणकाचे तसे नाही. तेथे माणसाच्या हाताची सवय आणि फाइलींचे बंद आराखडे आडवे येतात. रेमंडचा फेचमेलही टपालाच्या सार्वजनिक नियमावलीवरच उभा होता. तथापि या पूर्वसिद्ध सार्वजनिकतेचे ऋण त्याच्या सिद्धान्तात जेवढे ठळकपणे यावयास हवे तेवढे आलेले नाही.

निबंधाचे खरे कार्य यानंतरचे आहे. जे चोरून घडले होते ते उजळ माथ्याने सांगता येण्याजोगी भाषा त्याने दिली. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील एक अंतर्गत टिपण फुटले. मुक्तस्रोत पद्धतीने व्यापारी दर्जाचे प्रोग्राम होऊ शकतात, अशी कबुली त्यात होती, आणि रेमंडने ते आपल्या भाष्यासह प्रसिद्ध केले. २००० च्या अखेरीस आयबीएमने पुढील वर्षी लिनक्सवर सुमारे १०० कोटी डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले. प्रवेशाचा प्रश्न तेथे निकालात निघाला.

५

प्रवेशासाठी पुढे करण्यात येणारे सर्वांत प्रभावी कारण खर्चाचे होते. त्याचे नेहमी सांगितले जाणारे उदाहरण अॅमेझॉनचे. २००१ च्या सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत या कंपनीचा तंत्रज्ञानावरील खर्च आदल्या वर्षीच्या ७ कोटी १० लाख डॉलरांवरून ५ कोटी ४० लाखांवर, म्हणजे सुमारे एक चतुर्थांशाने उतरला, आणि लिनक्सच्या स्वीकारामुळे हे घडले असे सर्वत्र लिहिले गेले. कंपनीने सरकारदरबारी सादर केलेल्या अहवालात मात्र कारणांची मालिका आहे: नोकरकपात, दूरसंचाराच्या उतरलेल्या किमती, इतर बहुतेक बाबींतील दरकपात, आणि त्यांच्या जोडीला लिनक्सवर आधारलेल्या स्वस्त यंत्रसामग्रीकडे केलेले स्थलांतर. त्याच वर्षाच्या आरंभी कंपनीने सुमारे १,३०० माणसे कमी केली होती. लिनक्समुळे बचत झाली हे खरेच. सनच्या महागड्या यंत्रांऐवजी साधी यंत्रे वापरता येणे हा मोठा लाभ होता. पण अनेक कारणांतून एकच उचलून ते पूर्ण कारण म्हणून मांडणे ही अनुमानाची चूक आहे. अॅमेझॉनसारख्या कंपनीपाशी प्रणालीची देखभाल स्वतः करण्याइतके अभियंते होते. ज्या कंपनीपाशी ते नाहीत तिला हे उदाहरण लागू पडत नाही.

अशा कंपन्यांची परीक्षा पहिल्यांदा २००३ मध्ये झाली. रेड हॅट ही अमेरिकन संस्था ‘रेड हॅट लिनक्स’ विनामूल्य उतरवून घेऊ देत असे, आणि असंख्य कार्यालयांतील सर्व्हर तिच्यावर चालत. २००३ मध्ये संस्थेने ही मालिका नवव्या आवृत्तीवर थांबविली. २००४ च्या एप्रिलअखेर तिच्या दुरुस्त्याही बंद झाल्या. ज्यांना दीर्घकाळ दुरुस्त्या हव्या असतील त्यांनी वर्गणी भरून ‘एंटरप्राइज’ आवृत्ती घ्यावी, हा नवा करार होता. प्रणाली मुक्तच राहिली; तिची निगा मात्र विकत घ्यावयाची झाली.

यावर उपाय निघाला तो मुक्ततेच्याच बळावर. एंटरप्राइज आवृत्तीची प्रसिद्ध संहिता घेऊन, तीतील व्यापारचिन्हे काढून, २००४ पासून काही स्वयंसेवकांनी ‘सेंटओएस’ नावाने तीच प्रणाली विनामूल्य देण्यास आरंभ केला. कंपन्यांना हवे होते ते पुन्हा मिळाले: दुसऱ्याने केलेली निगा, तीही विनाखर्च. २०१४ मध्ये हा प्रकल्प रेड हॅटच्याच छत्राखाली आला, २०१९ मध्ये रेड हॅटला आयबीएमने सुमारे ३,४०० कोटी डॉलरांना विकत घेतले, आणि ८ डिसेंबर २०२० रोजी असे जाहीर झाले की, २०२९ पर्यंत चालेल असे गृहीत धरलेली सेंटओएसची आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीसच बंद होईल. मोठा क्षोभ उसळला. रॉकी लिनक्स, अल्मालिनक्स असे नवे अवतार निघाले. २०२३ च्या जूनमध्ये रेड हॅटने एंटरप्राइज आवृत्तीच्या संहितेचे सार्वजनिक वितरणही आखडते घेतले.

या क्षोभात विश्वासभंगाची तक्रार होती आणि ती निराधार म्हणता येत नाही. दिलेली मुदत मध्येच मोडणे व्यवहाराला धरून नाही. परंतु ज्या कंपन्यांनी सतरा वर्षांत दोनदा तोच धक्का खाल्ला त्यांच्या हिशेबाचीही चौकशी व्हावयास हवी. लिनक्सचा जीपीएल परवाना असे सांगतो की, प्रणाली दुसऱ्याला देताना तिची संहिताही दिली पाहिजे. कंपनी ती केवळ आपल्या जाळ्यात वापरत असेल, तर तिच्यावर परतफेडीचे कोणतेही कायदेशीर बंधन नाही. गावच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांचे असते, पण गाळ उपसण्याची पाळी कोणाची हे ठरलेले नसेल तर उन्हाळ्यात भांडण होते. येथे पाणी भरणाऱ्यांनी पाळीचा विचार केला नव्हता, आणि उपसणाऱ्याने एके दिवशी दोर उचलून घेतला.

रेमंडला याची जाणीव मुळीच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘द मॅजिक कॉल्ड्रन’ या १९९९ च्या निबंधात त्याने प्रोग्रामचा धंदा हा वस्तुनिर्मितीचा आव आणणारा सेवाधंदा आहे, आणि खर्चाचा मोठा भाग प्रोग्राम तयार झाल्यानंतरच्या देखभालीचाच असतो, असे मार्मिक विवेचन केले आहे. निदान अचूक आहे. पण उपाय सांगताना, संहिता खुली केली की देखभालीचा भार सर्वांत वाटला जाईल, अशी आशा तो बाळगतो. भार वाटून घेण्यात प्रत्येकाचे हित असले म्हणजे प्रत्येकजण तो घेईलच, हे गृहीत धरलेले आहे. सिद्ध केलेले नाही.

६

हे गृहीत किती नाजूक होते, हे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते सुरक्षिततेच्या क्षेत्रात. लिनक्सबरोबर येणाऱ्या प्रोग्रामांत ओपनएसएसएल हा सांकेतिक संदेशवहनाचा प्रोग्राम असतो. ७ एप्रिल २०१४ रोजी त्यातील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. त्याच्या योगे सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर बाहेरच्याला वाचता येत असे. दोष २०१२ मध्ये वितरित झालेल्या आवृत्तीत होता. म्हणजे दोन वर्षे संहिता सर्वांसमोर उघडी होती आणि तरीही तो कोणी सांगितला नाही. जगातील असंख्य कंपन्या ज्यावर विसंबून होत्या त्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. पाहण्याची मुभा सर्वांना होती. पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला, हे या निदानाला मिळालेले अप्रत्यक्ष अनुमोदनच होय.

दहा वर्षांनी, २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आलेले ‘एक्सझेड’ प्रकरण अधिक विचारप्रवर्तक आहे. फाइली आकुंचित करणाऱ्या या लहानशा प्रोग्रामचा भार अनेक वर्षे मुख्यतः एका स्वयंसेवकाच्या माथ्यावर होता. तो थकला असताना एक अनोळखी नाव मदतीला पुढे आले, दोनएक वर्षे चोख काम करून त्याने विश्वास संपादिला, आणि प्रकल्पाचे अधिकार हाती येताच दूरवरून सर्व्हरात शिरण्याचा चोरमार्ग त्या प्रोग्रामात दडविला. कामातून मोकळे होताना योग्य वारस शोधावा, या रेमंडच्या सूत्राचे येथे अक्षरशः पालन झाले होते. वारस पारखण्याचे साधन मात्र एका थकलेल्या माणसापाशी नव्हते. शिवाय चोरमार्ग जागृत करणारा एक तुकडा सार्वजनिक भांडारातील संहितेत नव्हताच. तो वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातला होता. ज्या पाठाकडे सर्वांची नजर होती तो एक आणि जो कंपन्यांच्या यंत्रांत जाणार होता तो दुसरा, असा हा पाठभेद होता.

आणि तरीही हे कारस्थान फसले ते संहिता खुली असल्यामुळेच. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याला सर्व्हरात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्याने कारणाचा माग काढला आणि थेट मुळाशी पोहोचला. बंद प्रणालीत त्याला एवढ्या खोलवर जाता आले नसते. तेव्हा रेमंडच्या सिद्धान्ताचे योग्य मूल्यमापन असे करावे लागते की, खुली संहिता ही दोष सापडण्याची शक्यता निर्माण करते. ती शक्यता प्रत्यक्षात येण्यासाठी वेळ, कौशल्य आणि वेतन असलेला माणूस लागतो. या प्रसंगी तो एका कंपनीच्या नोकरीत होता, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

७

अलीकडे मुक्तस्रोत प्रणाली सर्व्हरांवरून आणखी खाली, जाळे जोडणाऱ्या स्विचांपर्यंत उतरली आहे. ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखाने २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती, त्याच कंपनीने २०१६ मध्ये लिनक्सवर आधारलेली ‘सॉनिक’ ही स्विचांची संचालनप्रणाली सर्वांस खुली केली. २०२२ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनकडे गेली. एका उत्पादकाचा स्विच काढून दुसऱ्याचा बसविण्याचे स्वातंत्र्य हा तिचा हेतू आहे. तरी तिच्या खाली, प्रत्यक्ष चिपशी बोलणारा थर बहुधा चिपच्या उत्पादकाचा आणि बंदच असतो. मुक्तता येथे थरावर अवलंबून आहे, आणि आपले स्वातंत्र्य कोणत्या थरापर्यंत पोहोचते हे कंपनीने प्रत्येक वेळी मोजून पाहावे लागते.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष मुक्तस्रोत प्रणालींच्या विरुद्ध जातो असे समजण्याचे कारण नाही. बंद प्रणालीचा उत्पादक दरवाढ करतो किंवा दुरुस्त्या थांबवितो तेव्हा ग्राहकापुढे मार्गच उरत नाही. सेंटओएस बंद झाली तेव्हा काही महिन्यांतच दोन पर्याय उभे राहिले. हे सामर्थ्य मुक्त संहितेचेच आहे, आणि रेमंडच्या निबंधाने ते व्यापारी जगाला ओळखावयास लावले, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. प्रश्न एवढाच की, प्रवेशाच्या वेळी कंपनीने कोणता हिशेब मांडावयाचा. परवान्याचे पैसे वाचले ही रक्कम वहीच्या एका बाजूला लिहिली, तर दुसऱ्या बाजूला तीन नोंदी हव्यात: दुरुस्त्या कोण देणार आणि कोठपर्यंत, त्या थांबल्यास निगा राखण्याजोगी माणसे कंपनीत आहेत काय, आणि ज्या लहान प्रकल्पांवर हे सर्व उभे आहे त्यांना कंपनीकडून काही परत जाते काय. ही परतफेड पैशांनीच व्हावी असे नाही. सापडलेला दोष नीट कळविणे, केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाला देणे, आपल्या अभियंत्याचा काही वेळ त्या कामासाठी मोकळा ठेवणे, हेही त्यातच मोडते.

विद्यापीठांच्या दृष्टीनेही यात विचार करण्यासारखे आहे. पुण्यात रेड हॅटचे मोठे अभियांत्रिकी केंद्र आहे. म्हणजे जगातील कंपन्या ज्या निगेची वर्गणी भरतात तिच्यातील काही वाटा या शहरातच उचलला जातो. तरी नवी प्रणाली बसविणे आणि जुन्या प्रणालीतील दुसऱ्याची संहिता वाचून ती दुरुस्त करणे ही दोन कौशल्ये भिन्न आहेत, आणि दुसऱ्याला अभ्यासक्रमात सहसा मानाचे स्थान मिळत नाही. रेमंडचा निबंध वाचताना विद्यार्थ्याने त्यातील १९ सूत्रे पाठ करण्यापेक्षा, कथनात पडद्यामागे वावरणाऱ्या त्या सूत्रधाराकडे, रोज आलेली पत्रे वाचणाऱ्या आणि दुरुस्त्या निवडणाऱ्या माणसाकडे, लक्ष द्यावे. निबंधाचा बराचसा खरेपणा त्याच्यातच साठवलेला आहे, आणि कंपनीच्या जाळ्यात प्रणाली आणताना सर्वांत आधी शोधावयाचा असतो तोही तोच माणूस.